आजीच्या हातचे मांडे

अमळनेर, २४ एप्रिल २०२६

चि. दिपाली,

आशीर्वाद पाठवते आहे, पण राग अजून गेलेला नाही, तेव्हा नेहमीपेक्षा थोडे कमी आहेत असं समज.

फोनच करणार होते. पण माझा फोन तू धंद्याला लावलास, कारण नंबर गिऱ्हाइकांना पाठ, आणि तू तो स्पीकरवर टाकून पीठ चाळत बसतेस. मी रागावले तर सगळं लिंबायत ऐकणार. शिवाय फोनवर राग नीट पोचत नाही, मध्येच आवाज जातो. मी सातवी पास आहे, अजून लिहिता येतं, म्हणून पत्र. सुरतेला जाणारं कोणी ना कोणी रोज निघतं, पोस्टाचीही गरज नाही.

आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात. मी मात्र आई असून लेकीकडे आले. शकुंतलाच्या गल्लीतल्या बाया विचारतात, "आखाजीले लेक माहेरले जास, तू उलटी कशी उनी व माय?" मी सांगितलं, नातसून नवी आहे, तिला धंदा शिकू दे म्हणून मुद्दाम लांब झाले. खरं काय ते तुला माहीत आहे.

लग्नाला वर्ष झालं नाही तुझ्या, आणि तू व्हिडिओ काढायला मला चुलीवरच्या खापरापुढे उभं करून म्हणालीस, "आजी, तुम्ही नुसते हात वर करा, मांडा मम्मी टाकतील, मधलं मी कापून टाकीन." अगं, मांड्यांचा हा धंदा मी उभा केला. माझा उजवा खांदा धरलाय, हात कानाच्या वर जात नाही, हातावर मांडा ताणता येत नाही, ही घरातली गोष्ट आहे. पाच वर्षं मी बाजेवर बसून हुकूम देते आणि तुझी सासू कविता खापरावर मांडे करते, आणि गिऱ्हाईक म्हणतं चंद्रभागाबाईंचे मांडे. यात एक रुबाब होता. तू त्याचं सोंग केलंस.

मी इथे मजेत आहे. माझी वाट पाहू नका.

चंद्रभागा

ता. क. कविताला हे दाखवू नकोस. ती उगाच मनाला लावून घेईल.

*

लिंबायत, २९ एप्रिल

आजी,

पाया पडते. मराठी लिहायची सवय गेलीय माझी, पाचवीनंतर सगळं गुजरातीत झालं, म्हणून सांभाळून घ्या.

सोंग नव्हतं आजी, मार्केटिंग होतं. तुम्ही एकदा माझ्या जागी उभं राहून बघा. खापरावरचे मांडे काय, डिंडोलीतही मिळतात. आजी मिळत नाही. लोक मांडे घ्यायला येतात, पण पैसे आजीचे देतात. म्हणून मी पेजचं नाव "आजीच्या हातचे मांडे" ठेवलं आणि तुमचा फोटो लावला. आणि फोटोतली आजीच निघून गेली!

परवा अडाजणहून एक बेन गाडी घेऊन आल्या. आल्या आल्या, "आजी क्यां छे?" मी काय सांगू, आजी रुसल्यात? मम्मी चुलीपुढे होत्या. मी पटकन त्यांना तुमचं ट्रंकेतलं नऊवारी नेसवलं, डोक्यावर पदर दिला आणि पुढे आणलं. चाललं! आता रोज तसंच करतो. मम्मींना म्हटलं, केस काळे करायचं जरा थांबवा. कानाजवळ पांढरे दिसायला लागलेत, एकदम सरस दिसतात. काल एक काका मम्मींच्या पाया पडून गेले. ते मम्मींच्याच वयाचे असतील. मम्मी काही बोलल्या नाहीत. त्या बोलतच नाहीत, हे त्यांचं फार चांगलं आहे. टीममध्ये असं एक माणूस पाहिजेच.

मी गच्चीवर गॅसची मोठी शेगडी आणायचं ठरवतेय. खालच्या मजल्यावरचे धुराची तक्रार करतात. आणि कणीक रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळचा वेळ वाचेल.

सतरा मेपासून धोंड्याचा महिना आहे. सगळ्यांचे जावई जेवायला येणार, ऑर्डरी आत्ताच भरल्यात. तुम्ही नसलात तरी आम्ही करू, टेन्शन नको. पण असलात तर बरं.

बाकी विशेष नाही. मम्मींच्या भावाचा, चलथाणच्या सखाराम मामांचा, दोनदा फोन आला होता. जेवायला वगैरे बोलावत होते. मी सांगितलं, आत्ता खूप बिझी आहोत, नंतर.

तुमची दिपाली

ता. क. मम्मींना सांगू नका की मी तुम्हाला बोलावतेय. त्यांना वाटेल त्यांचं काम मला आवडत नाही.

*

अमळनेर, ४ मे

चि. दिपाली,

माझ्या जिवंतपणी दुसरी आजी? आणि तीही माझ्या लुगड्यात?

ते हिरवं लुगडं मला माझ्या भावाने दिलेलं आहे. ते चुलीपुढे नेसायचं नसतं. कविताला एवढं कळत नाही का? की तुझ्यापुढे तिचं काही चालत नाही? तशी ती पहिल्यापासून गरीबच. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, खापराजवळ उभी राहा, आणि ती उभी राहिली. अजून उभीच आहे. हल्लीच्या मुलींना सांगून बघ.

इथे माझं फार छान चाललंय. गल्लीतल्या बाया रोज येतात, म्हणतात, चंद्रभागाबाई, तुमचा हात लागला की पुरणाला चव येते. कालच एकीकडे मी सांगितल्याप्रमाणे मांडे झाले. शकुंतला तर म्हणते, आई, इथेच धंदा टाक. मी विचार करते आहे. जावयांनीही हट्ट धरलाय.

तरीसुद्धा धोंड्याच्या महिन्यात नाव बुडू नये म्हणून मी येईन, पण माझ्या अटींवर. चूल लाकडाचीच राहील. गॅसवर खापर तापतं, पण मांड्याला वास येत नाही. कणीक पहाटे मळायची, फ्रिज म्हणजे मयताची खोली आहे, तिथे ठेवलेल्या कणकेचा मांडा ताणला की रडतो. आणि फोनवर गिऱ्हाइकाशी मी बोलणार. तू नाव, पत्ता आणि किती नग एवढंच विचारतेस. मी विचारते जावई कुठला, लेकीला किती मुलं, सासू कशी आहे. त्याने माणूस बांधला जातो.

आणि दुसरी आजी ताबडतोब बंद.

चंद्रभागा

*

लिंबायत, ८ मे

आजी,

तुमच्या सगळ्या अटी मान्य! बघा, मी हट्टी नाही.

लाकूड तर लाकूड. खालच्यांना मी समजावेन, आणि धुराचं म्हणाल तर मम्मींना सवय आहे, त्या डोळे चोळत चोळत करतात. कणीक पहाटे मळायची तर मम्मी चारला उठतील. त्या तशाही लवकर उठतात. फोनवर तुम्ही बोला, जावयाची सगळी वंशावळ विचारा, फक्त मध्ये मध्ये ऑर्डरही घ्या.

आता माझी एकच अट. दिवसातून एक व्हिडिओ. सोंग नाही, आजी, शपथ. तुम्ही खुर्चीवर खापरासमोर ऐटीत बसायचं. मम्मी तुमच्या मागे बसतील आणि तुमच्या पदराआडून हात पुढे काढतील. दिसायला वाटेल तुमचेच हात आहेत. मी तुमच्या नातवाला, ओंकारला खुर्चीत बसवून करून बघितलं. एकदम कळत नाही. मम्मींच्या कोपरावर भाजल्याचे डाग आहेत, त्यावर मी मेकअप लावीन, कारण तुमचे हात साफ आहेत.

म्हणजे सगळ्यांचं मन राखलं गेलं. तुमचा मान, माझा व्हिडिओ, आणि मम्मींचं पण काही जात नाही.

व्हिडिओवरून आठवलं. परवा शूटिंग चालू असताना चलथाणच्या मामी दारात आल्या. हातात नारळ, कुंकवाची डबी वगैरे. फ्रेममध्ये येत होत्या म्हणून मी त्यांना जरा बाजूला उभं राहायला सांगितलं. मग गिऱ्हाईक आलं, मग पुरण खाली लागायला लागलं, आणि मामी कधी गेल्या कळलंच नाही. काहीतरी काम असणार. मम्मींना विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही."

तुम्ही सोळाला या. ओंकार उधन्याला स्टेशनवर घ्यायला येईल.

दिपाली

ता. क. शकुंतला आत्यांना राग येणार नाही ना, तुम्ही तिथला धंदा सोडून आलात म्हणून?

*

अमळनेर, १२ मे

चि. दिपाली,

पदराआडून हात ही युक्ती वाईट नाही. आधी सुचली असती तर मी आलेच नसते इकडे. तू दिसतेस तेवढी उथळ नाहीस. कविताला पंचवीस वर्षांत असं काही सुचलं नाही.

धंद्याचं म्हणशील तर मी शकुंतलाला स्पष्ट सांगितलं की मला जमणार नाही. आता सांगायला हरकत नाही, ती मला ओट्याजवळही येऊ देत नाही. "आई, तू बस. आई, तू टीव्ही बघ." बसून बसून माझे पाय सुजले. त्या दिवशी शेजारणीला पुरण कसं घोटायचं ते सांगायला गेले, तर तिने तयार पुरण विकत आणलेलं. जावई चांगले आहेत, रोज विचारतात, "मग सुरतेला कधी?" मला वाटलं होतं काळजीने विचारतात.

मला माझी बाज, माझी चूल आणि माझी माणसं हवी आहेत. हे मी तुला लिहून देते, पुन्हा तोंडाने म्हणणार नाही.

चलथाणच्या सखारामचं कळलं. तो माणूस चांगला आहे पण त्याला वेळेचं भान नाही. दर वेळी नेमका धोंड्याच्याच महिन्यात कविताला आणि माझ्या हेमराजला जेवायला बोलावतो. बाकी तीन वर्षं काय करतो? आपल्या धंद्याचे हेच तर दिवस. मी दर वेळी त्याला सांगत आले, पुढच्या खेपेला नक्की. तसंच सांगून टाक.

सोळाला येते. माझं लुगडं धुऊन ठेव. म्हणजे कविताला सांग.

चंद्रभागा

*

लिंबायत, १७ मे, सकाळ

मम्मी,

तुम्ही कुठे आहात ते कळलं, पण का आहात ते कळत नाही. पप्पांना फोन लावला तर ते नुसतं "मी पाहुणा आहे" म्हणतात आणि हसतात. तुम्ही फोन घेत नाही. म्हणून ओंकारच्या हाती हे पत्र. तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे कसं लिहायचं कळत नाही.

सकाळी तुम्ही नवी साडी नेसून रिक्षात बसलात तेव्हा आम्हाला वाटलं लाकडं आणायला निघालात. नव्या साडीत लाकडं कोण आणतं, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आजच्या ऑर्डरी दुपारी बाराच्या आहेत. चूल पेटली नाहीये. आजी सांगतात तशी मी पेटवली तर धूरच झाला आणि खालचे वर आले. एक मांडा मी हातावर घेतला, तो कोपरावरून खाली…

कविता, मी लिहिते आहे. दिपाली रडायला लागली म्हणून मी पेन घेतलं. तिच्या हातावरून मांडा जमिनीवर पडला, दुसरा खापरावर पडला पण अर्धाच. मी उठून करायला गेले तर हात वर होईना. गिऱ्हाईक फोन करतंय आणि त्यांच्या जावयांची चौकशी करायचं बळ माझ्यात नाही.

तू रुसलीस का? कोणी काही बोललं का तुला? मी तर कालच आले, मी काही बोललेच नाही. दिपाली म्हणते तीही काही बोलली नाही. मग झालं काय? लगेच ये. हेमराजला रिक्षा काढायला सांग. जेवण पुढच्या खेपेला होईल.

चंद्रभागा, दिपाली

*

चलथाण, १८ मे

आत्याबाई आणि दिपाली,

ओंकार काल आला तसा "मम्मी, चला" म्हणत दारातच उभा होता. माझ्या वहिनीने त्याच्यापुढेही पाट मांडला. मग तो बसला आणि रात्री राहिलाच. आता निघतोय, त्याच्याच हाती हे देते.

मी रुसलेली नाही. मला माझ्या भावाने बोलावलं, मी आले. दर धोंड्याच्या महिन्याला सखाराम बोलावतो, आणि दर वेळी आपल्या चुलीवर दुसऱ्यांच्या जावयांचे मांडे असतात. सगळ्या लिंबायतचे जावई माझ्या हातचं जेवून गेले. ह्यांना मात्र लग्नापासून सासरी या महिन्यात कोणी पाटावर बसवून ओवाळलं नाही. चलथाण लांब असतं तर मनाची समजूत घातली असती. पण रिक्षा तर आपल्याच दारात उभी असते.

दिपाली, मी तुला दोनदा सांगितलं होतं, भावाचं बोलावणं आहे. तू म्हणालीस, "हो मम्मी, बघू," आणि फोनकडे बघितलंस. मग वहिनी स्वतः नारळ घेऊन आली. तिला तू बाजूला उभं केलंस. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती जाताना हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे व ताई, तुमना धंदा मोठा शे." मला फार लागलं ते. त्या दिवशी पुरण खाली लागलं ते मी लागू दिलं.

तुमची पत्रं मी उघडून वाचली नाहीत, तसं मनात आणू नका. दिपाली मराठी मोठ्याने वाचते आणि लिहितानाही तोंडाने म्हणत लिहिते, आणि मी तिच्या पाठीशीच कणीक मळत असते. चूल लाकडाची राहणार, चारला उठायचं, पदराआडून हात काढायचे, डागांना मेकअप, हे सगळं मला तसंच कळलं. तुम्हा दोघींचं भांडण मिटलं याचा मला खरंच आनंद झाला. फक्त ते ठरवताना मला एकदा हाक मारली असती, तर मी हो म्हटलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून हाक यायच्या आत निघाले.

ऑर्डरींचं विचारता. आत्याबाई, तुम्हाला सगळं येतं, हात तेवढा वर होत नाही. दिपालीचा हात वर होतो, तिला येत काही नाही. मी मध्ये नसले की तुम्हाला एकमेकींशी बोलावंच लागेल, आणि पत्र न लिहिता बोलावं लागेल. तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि तिला शिव्या द्या, मला दिल्या होत्या तशाच. मला त्यानेच आलं. मांडा फाटेल. फाटला तर दुमडून द्या. जावई लोक मांड्याकडे बघत नाहीत, रसात बुडवतात.

मला राग आला होता, तो सांगून टाकते. तो तुम्ही माझं नाव घेत नाही म्हणून नव्हता. नावाचं मला काही नाही. पण त्या दिवशी माझ्या वयाचा माणूस माझ्या पाया पडला आणि तुम्हा दोघींपैकी एकीलाही हसू आलं नाही, रडूही आलं नाही, याचा राग आला. मी आजी नाही. मला अजून नातवंड नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आणि काल दुपारी वहिनीकडून मी केस काळे करून घेतले. ते नीट झाले नाहीत, कपाळावर रंग उतरलाय. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, छान दिसतेस. असं ते आधी कधी म्हणाले होते ते मला आठवत नाही, त्यांनाही आठवलं नाही.

रविवारी येईन. लाकूड की गॅस, चारला उठायचं की सहाला, ते आल्यावर मी सांगेन. व्हिडिओ काढायचा तर समोरून काढ, डागांसकट. आत्याबाई बाजेवरच बसतील आणि हुकूम देतील, तो मला ऐकायला आवडतो, त्याशिवाय हात चालत नाही माझा.

आता वहिनी वाढते आहे, ओंकारही घाई करतोय. तिचे मांडे जाड आहेत, कडेला कच्चे आहेत, एक तर काल चुलीतच पडला. मी तिला काही शिकवलं नाही, मदतीला उठलेही नाही. पाटावर बसले आणि चार खाल्ले.

कविता